पत्ता न दिलेली गल्ली

गुरुवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी तिला कळलं की चोर घरातलाच आहे, आणि तो चोर आपण स्वतः आहोत.

कळलं तेव्हा कसला आवाज झाला नाही. काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं होती, रोज असतात तशीच. तिने सर्व्हरला नुसतं विचारलं होतं की बाबा, तुझ्या पोटात आजवर किती नेटवर्कं बांधून झाली ते दाखव. सहा ओळी आल्या. सहावी तिने सहज उघडून पाहिली. कढईवरचं झाकण उचलून पाहतात तशी, काही संशय म्हणून नव्हे. आत पत्त्यांची रेंज लिहिलेली होती, एकशे बहात्तर टिंब बावीसने सुरू होणारी. आणि तिला एकदम रुग्णालयाच्या केबली सांभाळणाऱ्या वायरकाकांचा तळहात दिसला. सोमवारपासून नदीपलीकडच्या लॅबचे रिपोर्ट येईनात, केबल गेली असं साहेब म्हणत होते, आणि मंगळवारी काकांनी तो तिच्या नाकासमोर धरला होता. घामाने पसरलेल्या निळ्या बॉलपेनने त्यावर हाच आकडा लिहिलेला होता, एकशे बहात्तर, बावीस, पुढे आणखी दोन आकडे. "हा बघा बाई, लॅबच्या मशीनचा पत्ता. माझ्या लॅपटॉपवरून हाक मारली की ओ येते. केबल तुटली असती तर ओ कशी आली असती, सांगा!" तेव्हा ती म्हणाली होती, "बघते काका." आणि बघितलं नव्हतं. बघते म्हणणं हे या इमारतीत नाही म्हणण्याचं सभ्य रूप होतं आणि नऊ वर्षांत तिने ते चांगलंच उचललं होतं. आता तिने चप्पल काढून तळवे थंड फरशीला टेकवले. वाटलं, हा आकडा वेगळा असेल. पुन्हा वाचला. आकडा कसला वेगळा असतोय.

तिचं काम सांगायला सोपं होतं, पण तिला कुणी कधी विचारलं नाही. रुग्णालयाचे पंधरा-वीस प्रोग्रॅम एकाच मोठ्या सर्व्हरमध्ये राहत. कुणी कुणाच्या पायात येऊ नये म्हणून प्रत्येकाला वेगळी बंद खोली, तिला कंटेनर म्हणतात. खोल्या बांधल्या की त्यांना एकमेकांशी बोलायला वाट लागते, ते नेटवर्क. ती मनात त्याला गल्ली म्हणायची. रिपोर्टवाल्या खोलीने कुणाशी बोलायचं, औषधवाल्या खोलीने कुणाशी, हे तिने बांधलेल्या गल्ल्यांवर ठरे. गल्ली बांधायला वीट लागत नाही, माणूस लागत नाही, काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची आणि एंटर. त्या ओळीत सांगता येतं की या गल्लीतल्या घरांना अमुक ते अमुक पत्ते दे. न सांगितलं तर यंत्र अडत नाही आणि विचारतही नाही. आपल्या मनाने पुढची मोकळी रेंज उचलतं. मोकळी म्हणजे त्याच्या दृष्टीने मोकळी. नदीपलीकडच्या इमारतीत तेच पत्ते लावून वर्षानुवर्षं कुणी राहतंय, हे त्याला कोण सांगणार? सोमवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तिने नव्या अपॉइंटमेंटच्या प्रोग्रॅमसाठी सहावी गल्ली बांधली, रेंज न देता. त्या क्षणापासून सर्व्हरला वाटायला लागलं की लॅब नदीपलीकडे नाही, आपल्या पोटातच आहे. लॅबला मारलेली प्रत्येक हाक तो त्या गल्लीत नेऊन सोडत होता, जिथे लॅबचं कुणीच राहत नव्हतं. आणि वर येऊन सांगत होता, ओ येत नाही, पलीकडचे मेले असतील.

मेली. हा शब्द तिने पहिल्यांदा नऊ वर्षांची असताना ऐकला होता, जिवंत माणसाबद्दल. ताईने स्वतःच्या मर्जीने लग्न केलं आणि ती दुसऱ्या शहरात निघून गेली. बाबा जेवताना पाट सरकवून म्हणाले, "ती मेली. या घरात तिचं नाव निघायचं नाही." आईने मान हलवली आणि दुसऱ्याच आठवड्यात पत्र लिहिलं. पत्र हिच्या दप्तरात, इतिहासाच्या पुस्तकात. शाळेच्या वाटेवर लाल पेटी. पहिलं पत्र पेटीत पडलं, दुसरं नाही. बाबा कोपऱ्यावर उभे होते. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. हात पुढे केला आणि म्हणाले, "यापुढे मला आणून द्यायचं. आईला सांगायचं, टाकलं." एवढंच. ती पत्रं त्यांनी फाडली नाहीत की जाळली नाहीत. माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत गेले, आईच्या झोपण्याच्या जागेच्या बरोबर वर, तीन हातांवर. पत्र घराबाहेर पडतच नव्हतं, पहिल्याचं उत्तर आलं असलं तरी ते बाबांच्याच हाती पडलं असणार, आणि आई खिडकीत बसून उत्तराची वाट बघत होती. आधी म्हणायची, बाळंतपणात असेल. मग म्हणायची, पत्ता बदलला असेल. वर्षाने म्हणायला लागली, तिचं काळीजच दगडाचं, आईला विसरली. आणि ही, शाळेचे बूट घालून दारात उभी, बुटाची नाडी दोनदा बांधायची, तीनदा बांधायची, पण बोलायची नाही. बाबा म्हणाले ऊठ की उठायची, बस म्हणाले की बसायची. शहाणी पोर म्हणायचे सगळे. शहाणी! तिला आजही कुणी शहाणी म्हटलं की तोंडात पत्र्याची चव येते.

तिने वही उघडली. ऑफिसात तिला सगळे वहीवाली म्हणत, पाठीमागे आणि कधी कधी तोंडावरही. शाळेतल्यासारखी दोऱ्याने शिवलेली दोनशे पानी वही. कुठलीही कमांड टाइप करण्याआधी ती त्या वहीत हाताने लिहायची, बाजूला तारीख आणि वेळ टाकायची, मगच कीबोर्डला हात लावायची. ती काही शिकायला कॉलेजात गेली नव्हती. डाटा भरायला लागली होती इथे, कंत्राटावर. शेजारच्या टेबलावरचा माणूस काळ्या खिडकीत काय करतो ते बघत बघत आणि घरी नवऱ्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर दहादा मोडून अकराव्यांदा जुळवत शिकली. शेजारचा माणूस नोकरी सोडून गेला आणि काम तिच्या गळ्यात पडलं. पगार मात्र डाटा भरणारीचाच राहिला. तिला येतं ते सगळं या वहीत होतं. पान एकशे बारा. सोमवार, चार दहा. ओळ तिच्याच अक्षरात, आणि रेंजच्या जागी पेन्सिलीने काढलेला मोकळा चौकोन. चौकोनाखाली बारीक लिहिलेलं: साहेबांना यादी मागितली, तिसऱ्यांदा, नाही मिळाली.

यादी म्हणजे कुठल्या इमारतीला कुठले पत्ते दिलेत त्याचा कागद. तो साहेबांच्या ड्रॉवरमध्ये होता, कुलपात, आणि किल्ली साहेबांच्या कमरेला. साहेब म्हणायचे, "गोपनीय आहे मॅडम, कायम माणसांनाच देता येतो." म्हणजे गल्ल्या बांधायच्या कंत्राटी बाईने आणि गावाचा नकाशा बघायचा कायम माणसाने. कायम माणसांना तर गल्ली म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं. तिने तीनदा मागितली, तीनदा हसून नाही म्हटलं गेलं. आणि चौथ्यांदा मागायला तोंड वेंगाडायच्या ऐवजी तिने एंटर मारला. हे खरं होतं. हेही खरं होतं. कुणी बोट दाखवण्याआधी तिने ते स्वतःच दाखवून घेतलं: यादी नव्हती तरी तुला बोट आवरता येत होतं, विचारायला तोंड होतं, आणि मंगळवारी समोर धरलेला एक तळहात होता.

मग तिने जे करायचं ते केलं. अपॉइंटमेंटच्या प्रोग्रॅमच्या दोन खोल्या बंद केल्या, गल्ली पुसायची ओळ वहीत लिहिली, वेळ टाकली, अकरा सव्वीस, टाइप केली, एंटर. दोन सेकंद. लगेच लॅबच्या मशीनला हाक मारली. ओ आली. पुन्हा मारली. पुन्हा ओ. तीन दिवस मेलेल्या माणसाने पलीकडून खाकरावं तशी. ती सुस्कारा सोडणार तोच मोबाइल वाजला. वायरकाका. पलीकडे वारा घोंगावत होता, ते पुलावरच असावेत. "आली बाई, आली! आत्ता लॅबवाले ओरडले वरून, रिपोर्ट जायला लागले म्हणून. नवी केबल आत्ताच खोचली बघा, हात अजून काढला नाही." तिने मध्येच तोडलं. "काका..." "ऐका तर. साहेब म्हणत होते तेच खरं निघालं. माझीच तार कुजलेली होती. तीस वर्षं तारा ओढल्या आणि स्वतःची कुजकी तार ओळखता आली नाही मला. म्हातारा झालो, दुसरं काय." आणि हसले. त्या हसण्यात सुटका होती, ते तिला सहन झालं नाही. तीन दिवस पुलाखालच्या नळीत गुडघ्यांवर रांगलेला माणूस, अठ्ठावन्न वर्षांचा, स्वतःला दोषी ठरवून मोकळा झाला होता, आणि ठरवायला पुरावा तिने पुरवला होता, त्याच मिनिटाला, दोन सेकंदांत.

तिने सांगायचंच असं ठरवलं तेव्हा शूरपणा वगैरे काही नव्हता. काकांचं ते हसणं पुन्हा ऐकायचं नव्हतं, एवढंच. साहेबांच्या केबिनमध्ये फिनेलचा वास आणि मोठं घड्याळ. तिने वही टेबलावर ठेवली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकलं. वाईट माणूस नव्हता तो. वाईट माणसाशी भांडायला सोपं जातं. उठून त्यांनी दार लावलं. "कुणाला बोललात?" "नाही अजून." "बोलू नका. हे बघा मॅडम, लॅब चालू झाली ना? केबल जुनी होतीच. आज ना उद्या गेलीच असती." "गेली नव्हती साहेब. काका सांगत होते, त्यांच्या लॅपटॉपवरून लॅब दिसत होती." "त्यांना काय दिसतं आणि काय नाही या वयात!" साहेबांनी एक कागद तिच्याकडे फिरवला. छापील अहवाल, तयार. केबलची देखभाल वेळेवर न केल्यामुळे तीन दिवस अहवालांची देवाणघेवाण खंडित, एक शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागली, संबंधित कर्मचाऱ्यास जबाबदार धरण्यात येत आहे. "उद्या दीड वाजता प्रशासक बाईंसमोर हे मांडायचंय. तुम्ही तांत्रिक बाजूने सही करा." तिने विचारलं, "काकांचं काय?" "काकांचं काय व्हायचंय? चार महिने राहिलेत. फाइलीत शेरा जाईल, माणूस घरी जाईल. तुमचा विचार करा. नऊ वर्षं झाली ना? सोमवारी तुमची कायमची फाइल वर पाठवतोय मी. कायम झालात की यादीही तुमचीच." मग वहीकडे बोट करून, अगदी मायेने: "आणि ते पान तेवढं काढून टाका."

यादीही तुमचीच. दिवसभर ते वाक्य तिच्या कानात माशीसारखं फिरत राहिलं. कागद ड्रॉवरमधून निघणार होता, पण एका म्हाताऱ्याच्या फाइलीवर पाय देऊन. आणि लाज म्हणजे तिला तो हवा होता. नऊ वर्षं हवा होता. दर अकरा महिन्यांनी हातात ब्रेकचा कागद, आठ दिवस घरी, नव्या कागदावर नवी सही, आणि त्या आठ दिवसांत सर्व्हर रुसला तर फोनवरून फुकट सेवा, हे संपायला हवं होतं. ओळखपत्राची पिवळी दोरी जाऊन निळी यायला हवी होती. हसा खुशाल. दोरीचा रंग बघून कँटीनमध्ये कोण कुठल्या टेबलावर बसतो हे ज्याने नऊ वर्षं बघितलंय त्याने हसावं.

संध्याकाळी नवऱ्याने तिचा चेहरा बघूनच विचारलं, "कोण मेलं?" तो शिकवणीत गणित शिकवायचा आणि घरी गणितासारखाच बोलायचा. तिने सांगितलं. तो भांडी पुसत ऐकत होता. "मग फाड," म्हणाला. "पान आहे, जमीन नव्हे." "आणि काका?" "काकांना तूच जाऊन सांग, काका माफ करा. माणूस चांगला आहे, करील माफ." "म्हणजे माफीपण त्यांनीच द्यायची आणि शेरापण त्यांनीच घ्यायचा?" त्याने पुसलेलंच ताट पुन्हा पुसलं. "मी काय म्हणतोय ते तुला कळतंय. नऊ वर्षं." "मोजता येतात मला." "येतात तर मोज!" त्याने फडकं खांद्यावर टाकलं आणि बाहेर गेला. रागावून नाही, तो घाबरला होता, आणि घाबरला की त्याला पाणी भरायचं आठवायचं. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. ती टेबलाशी बसली आणि पान एकशे बारा चिमटीत धरून तिने हलकेच ओढलं. नुसतं बघायला, असं स्वतःला सांगत. शिवलेल्या वहीचं एक वाईट असतं. एक पान ओढलं की दुसऱ्या अर्ध्यातलं त्याचं जोडीचं पान सैल होतं. दोरा ताणला आणि पान नव्वद वर आलं. तिच्या पहिल्या गल्लीचं पान. दोन खोल्या, एक गल्ली, एका खोलीतून दुसरीला मारलेली पहिली हाक, आणि खाली तिच्या अक्षरात, मोठ्ठं, लहान पोरीसारखं: ओ आली!!! तीन उद्गारचिन्हं. त्या दिवशी तिने कुणालाही सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं तर कुणाला कळलंच नसतं. बसमध्ये एकटीच हसत आली होती. एक फाडायचं तर दोन्ही जाणार होती. तिने हात काढून घेतला.

आणि मग कपाटाच्या तळाशी गेली. जुन्या चादरीत गुंडाळलेला पत्र्याचा डबा. आई गेल्यावर माळा रिकामा करताना तिला तो सापडला होता. सापडला कसला, तिला ठाऊकच होता. बेचाळीस पत्रं, आईचं तिरपं अक्षर, बंद पाकिटं. ताई तेव्हा आली होती, दहाव्याला, दारात चप्पल काढताना म्हणाली होती, "एक ओळ लिहिली नाही गं तिने मला. पहिलं एक पत्र आलं, मग एक ओळ नाही." आणि ही, चाळिशीला टेकलेली बाई, दोन माणसांचं घर चालवून दाखवणारी, पुन्हा बुटाची नाडी बांधायला लागली. काही बोलली नाही. बाबा तर तेव्हा कधीचे गेलेले होते. मग कोणाला भ्यायली होती? हे तिने आजवर स्वतःला विचारलं नव्हतं. आज विचारलं, आणि उत्तर इतकं साधं होतं की संतापच आला. भीती वगैरे काही उरली नव्हती, नुसती सवय होती. मेलेल्या माणसाच्या हुकमाची सवय. कोणी ऊठ म्हटलं की उठायची सवय, भीतीने नव्हे, विचारच न करता, जसं यंत्र विचार न करता पुढची मोकळी रेंज उचलतं.

शुक्रवारी सकाळी ती ऑफिसला जाताना पोस्टात गेली. काउंटरवरच्या माणसाने पुडकं हातात तोललं. "आत काय?" "पत्रं." "पत्रांचं पार्सल? मग वेगवेगळी टाकायची की." "एकाच माणसाची आहेत." त्याने तिच्याकडे बघितलं, पुडक्याकडे बघितलं, आणि शिक्का असा मारला की काउंटर हादरला. वरच्या पत्राला तिने फक्त एक चिठ्ठी टाचली होती: ताई, ही आईने लिहिली होती. मी टाकली नाहीत. बाकी तू विचारशील तेव्हा सांगेन. बाहेर आल्यावर तिने पोस्टाची पावती वहीत घालून ठेवली. बरं वाटलं असं अजिबात नाही. पण पाय हलके झाले होते.

मग तिने लॅबवाल्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या फोनवर नेहमीच भांडत असल्यासारख्या बोलत. "आता काय मेलं?" "काही नाही. विचारायचं होतं, दीडला तुमचं काम काय असतं?" "मशीन धुवायला असतात. दोनपर्यंत एक रिपोर्ट जात नाही. का?" "दीडला दोन मिनिटं लॅब बंद पडेल. मी पाडणार आहे."  "तीन दिवस न सांगता पडली ती कुणी पाडली होती?" "मीच."  मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माझ्या एका पेशंटचं ऑपरेशन दोन दिवस लांबलं तुझ्यापायी. त्याच्या बायकोला मी काय सांगितलं माहितीय? वायरवाल्याचा हलगर्जीपणा म्हणून." "तेच दुरुस्त करायचंय." "पाड," त्या म्हणाल्या. "पण मी फोनवर राहणार. दोन म्हणजे दोन मिनिटं. तिसऱ्या मिनिटाला मी तिकडे येऊन तुझे कान उपटीन."

दीड वाजता बैठकीच्या खोलीत चौघं होते. प्रशासक बाई, चष्मा डोक्यावर चढवलेला. साहेब, अहवालाच्या तीन प्रती घेऊन. वायरकाका, इस्त्रीचा शर्ट घालून, खुर्चीच्या अगदी काठावर, लग्नाच्या याद्यांना बसलेल्या मुलीच्या बापासारखे. आणि ती, लॅपटॉप आणि वही घेऊन. साहेब वाचायला लागले. "केबलची देखभाल वेळेवर..." तिने लॅपटॉपची तार भिंतीवरच्या पडद्याला जोडली. काळी खिडकी भिंतीएवढी झाली. साहेब थांबले. "हे काय?" "केबल नवीन आहे ना काका?" तिने विचारलं. वायरकाका गडबडले. "हो बाई, परवा आणलेली. काल खोचली. माझ्या हाताने." "चांगली खोचलीय?" "म्हणजे काय! बैल बांधला तरी निघणार नाही." तिने फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला. "डॉक्टरीणबाई, लॅब चालू आहे?" "चालू आहे," फोन म्हणाला. तिने भिंतीवर लॅबला हाक मारत ठेवली. सेकंदाला एक हाक, सेकंदाला एक ओ, एकाखाली एक ओळ उगवत राहिली. शेजारी दुसरी खिडकी उघडून सोमवारचीच ओळ टाइप केली, तीच, अक्षरन् अक्षर, रेंजच्या जागी काही नाही. साहेब उठले. "मॅडम, थांबा." तिचं बोट एंटरवर होतं. एक क्षण, खरंच एकच, बोट थांबलं. थांब म्हटल्यावर थांबणारं जुनं बोट. मग तिने ते दाबलं.

ओळी उगवायच्या थांबल्या.  फोन म्हणाला, "गेली. काय गं, गेलीच की!" प्रशासक बाईंनी चष्मा डोक्यावरून नाकावर आणला. वायरकाका उभे राहिले होते, भिंतीकडे बघत, आणि त्यांचा उजवा तळहात आपोआप उघडला होता. त्यावर आता काही लिहिलेलं नव्हतं. "केबलला कुणी हात लावलेला नाही," ती म्हणाली.  "केबल नदीवर आहे आणि मी इथे आहे. हे मी केलंय. सोमवारी चार दहालाही मीच केलं होतं. सर्व्हरला वाटतंय लॅब त्याच्या पोटात आहे, म्हणून तो बाहेर हाकच मारत नाही. काकांच्या लॅपटॉपवरून लॅब दिसत होती, हे काकांनी मंगळवारी सांगितलं होतं, मला आणि साहेबांना. मी ऐकलं नाही." मग गल्ली पुसायची ओळ. एंटर. ओळी पुन्हा उगवायला लागल्या, एकाखाली एक. "आली," फोन म्हणाला. "दीड मिनिट. वाचलीस."

वायरकाका हळूच म्हणाले, "म्हणजे माझी तार..." "चांगली होती काका. जुनीसुद्धा." ते बसले. मग एकदम तोंडावर हात फिरवून म्हणाले, "आयला! आणि ती मी काल कापून टाकली की भंगारात!" प्रशासक बाईंना हसू आलं, ते त्यांनी कागदात लपवलं. साहेबांना आलं नाही. "तुम्ही कबूल करताय," ते म्हणाले, "की तुमच्या चुकीमुळे..." "करतेय. लिहून घ्या. आणि हेपण लिहून घ्या." तिने वही प्रशासक बाईंसमोर सरकवली, पान एकशे बारा, जरासं सैल झालेलं. मग मागची दोन पानं उलगडली. यादी मागितल्याच्या तीन तारखा. "रेंज का दिली नाही असं विचाराल. द्यायला मला माहीत पाहिजे कुठली घेतलेली आहे." साहेब म्हणाले, "कंत्राटी माणसाला यादी देता येत नाही. नियम आहे." "मग कंत्राटी माणसाकडून गल्ल्या कशा बांधून घेता? डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि वर म्हणायचं नीट चाल?" प्रशासक बाईंनी वही बराच वेळ वाचली. मग तिच्याकडे न बघता विचारलं, "सोमवारी तुमची फाइल वर जाणार होती, माहितीय ना तुम्हाला?" "माहितीय." "आता जाईल की नाही, मी सांगू शकत नाही." "तेही माहितीय."

साहेबांनी अहवालाच्या तीनही प्रती उलट्या ठेवल्या. घसा साफ केला. "ठीक आहे. काकांचं नाव काढू. बाकी पुढे बघू. बैठक संपली, उठा आता." प्रशासक बाई कागद गोळा करायला लागल्या. खुर्च्या सरकल्या. तिचे पाय आपोआप ताणले गेले, टाचा जमिनीला टेकल्या, शरीर उठायच्या तयारीला लागलं. शहाणं शरीर, कोपऱ्यावरचा हात पुढे झाला की पत्र काढून देणारं. तिने दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा धरल्या.

"यादी," ती म्हणाली.

"काय?"

"अपॉइंटमेंटचा प्रोग्रॅम बंद पडलाय. त्याला गल्ली बांधायची आहे. आज. यादी द्या, मी बांधते. यादी आल्याशिवाय मी उठत नाही."

"मॅडम, हे ऑफिस आहे." "म्हणूनच बसलेय." साहेबांनी प्रशासक बाईंकडे बघितलं. प्रशासक बाई चष्मा पुसत होत्या, फार लक्ष देऊन. दाराजवळ पोचलेले वायरकाका परत वळले, तिच्या शेजारची खुर्ची त्यांनी ओढली आणि कण्हत खाली बसले, या खेपेला काठावर नाही, मागे रेलून. "तीन दिवस नळीत रांगलोय," ते कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाले. "गुडघे उठू देत नाहीत. मीही बसतो."

तिने वहीचं कोरं पान काढलं. तारीख टाकली. वेळ टाकली, एक बावन्न. ओळ लिहिली, स्पष्ट, टपोऱ्या अक्षरात, आणि रेंजच्या जागी चौकोन काढला, या वेळी पेन्सिलीने नाही, शाईने. मग पेनचं टोपण न लावता ती साहेबांच्या कमरेच्या किल्लीकडे बघत बसून राहिली.